कॅप्टनचं मौनव्रत

माझी फजिती ऐकायची ना? मग चहाचं आधण थोडं जास्तच ठेवा, एका कपात आटपायची नाही ती. आणि हसू आलं तर खुशाल हसा. हे असते तर सगळ्यांच्या आधी तेच हसले असते.

मी सोळा सोमवार केलेली बाई. शुक्रवार, संकष्टी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. माझं वाचन म्हणजे पोथी आणि व्रतांच्या कहाण्या. आमच्या ह्यांचं सगळंच उलटं! महाडच्या एमआयडीसीतली पाळी संपवून बसनं पोलादपूरला यायचे, ते थेट अंतराळात. तारे, यानं, ग्रहाग्रहांच्या लढाया! एका कादंबरीमालिकेचे तर डझनभर जाडजूड भाग फळीवर ओळीनं उभे. मी त्यांच्यावरची धूळ तेवढी पुसायची.

मग साखरेनं ह्यांची नजर नेली, पाठोपाठ मूत्रपिंडं. महाडला डायलिसिसच्या वाऱ्या सुरू झाल्या. हे मशीनला जोडलेले, आणि मी शेजारच्या स्टुलावर नळीतलं रक्त बघत पदरानं डोळे पुसतेय.

एकदा म्हणाले, "अगं, ती मालिका वाचायची राहूनच गेली बघ. वाचून दाखवशील? पहिल्या भागापासून?"

मी काय केलं असेल? गुरुवारी देवापुढे बसले, तळहातावर पाणी घेतलं आणि रीतसर संकल्प सोडला. शेवटच्या भागापर्यंत वाचीन, ह्यांना बरं कर. आता संकल्पाचं वाचन म्हटलं की नियम आले. मध्येच सोडायचं नाही. आणि वाचताना तोंडातून अशुभ काढायचं नाही!

इथेच घोळ झाला.

पहिले दोन भाग छान गेले. शेजारच्या खाटेवरचे बाबूमामा, डोंगरावरच्या वाडीत जन्मभर गुरं राखलेला म्हातारा, तेही कान देऊन ऐकायला लागले. तिसऱ्या भागात यानाला आग लागली, आणि त्या लेखकानं कॅप्टनला मारलं की हो! ज्याची गोष्ट, त्यालाच?

ह्यांच्या दंडात सुया, आणि मी मरण वाचू?

"का गं थांबलीस?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. कॅप्टनला जरा भोवळ आली. आता बरा आहे."

"बरा हाय ना? मग झाला!" बाबूमामा म्हणाले.

तुम्ही म्हणाल, बाई, निस्तरणार कसं? अहो, व्रताच्या कहाणीत गेलेलं माणूस शेवटी परत येतंच ना! मला खात्री होती, शेवटच्या भागात कॅप्टन उठून बसणार. तोवर वेळ मारून न्यायची, एवढंच.

पण मेलेला माणूस बोलणार कुठून? सबंध चौथ्या भागात त्याच्या तोंडी एक वाक्य नाही!

"गो बाय, तुजा कप्तान मुका झाला काय?"

"चातुर्मास आहे ना, मामा. मौन धरलंय त्यानं."

"अंतराळात चातुर्मास?" हे.

"का? देव काय फक्त पोलादपुरातच असतो?"

पुस्तकात कॅप्टनच्या बायकोनं काळे कपडे घातले, मी तिला हिरवं लुगडं नेसवलं. यानात शोकसभा भरली, मी सत्यनारायण घातला. आणि पाचव्या भागात त्या बयेनं दुसरं लग्न काढलं! नवरा मौन धरून समोर बसलेला, आणि ही बोहल्यावर?

"लग्न मुलीचं आहे," मी ठोकून दिलं.

"अगं, तिला मूल कुठे होतं?"

"दत्तक घेतली."

"कधी?"

"मौनात असताना!"

हे इतके हसले, इतके हसले, की मशीन पींपीं करायला लागलं. सिस्टर धावत आली. "काकू, वाचताय की तमाशा लावलाय?"

किती दिवसांनी हसले होते ते! मला वाटलं, व्रत फळतंय. घरी येऊन देवापुढे गूळ ठेवला.

असे एकेक करत शेवटचा भाग तेवढा उरला, आणि हे गेले.

संकल्प अर्धा कसा ठेवायचा? दिवसकार्य आटोपल्यावर पुस्तक पिशवीत घातलं नि महाडची बस धरली. बसमध्ये राहवलं नाही, शेवटची पानं उघडली. नाही हो. कॅप्टन नाही उठला.

ह्यांच्या खाटेवर तुडील गावची कुणी बाई होती. मी मामांजवळ स्टूल ओढलं.

"मामा, मी तुम्हाला फसवलं. कॅप्टन तिसऱ्याच भागात गेला."

"म्हाईत हाय गो."

"कसं काय?"

"तू च्या आनायला जायचीस, तवा तुजा घरवाला सांगायचा समद्यांना. रातपाळीला सगळी बुकं वाचलेली त्यानं. दोनदा!"

"मग मला कशाला वाचायला लावलं?"

"म्हनायचा, नुसती बसली का रडते. संकल्प घेतलान तर मधी सोडायची नाय, तेवडाच तिचा जीव रमंल. आन् कप्तान मेला असा कोनी बोलायचा नाय, असा दम दिलेला आमाला. सिस्टरला पन!"

मी पिशवीतून पुस्तक काढून मांडीवर उघडलं.

"मग? शेवटाला तरी मौन सुटला काय त्याचा?"

"नाही, मामा."

"नाय तर नाय. धरूदे मौन. तू वाच."

घ्या! आणि मी म्हणे ह्यांना धीर देत होते! सिस्टरपासून बाबूमामांपर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक. त्या अख्ख्या खोलीत, कॅप्टन आज ना उद्या उठून बोलेल, असं मनापासून धरून बसलेली बाई एकच होती. मी.