थोरलीचं औषध धाकटीला

चिपा भाजणाऱ्या बाईला उकाड्याचं कौतुक सांगू नये. बारेरो ग्रांदे गावाच्या नाक्यावर चिपा, म्हणजे चीज घातलेले पाव, भाजण्यात एलिहियाचं सगळं आयुष्य भट्टीपुढे गेलं होतं. पण पन्नाशी उलटली, पाळी गेली, आणि भट्टी थेट अंगातच पेटली. पीठ मळता मळता जिवाची लाही लाही व्हायची. गिऱ्हाईक 'चिपात चीज कमी आहे' म्हणालं, की ही त्याच्या अंगावरच धावून जायची.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं दिली: दंडावर चोळायला इस्ट्रोजेनची जेल आणि झोपताना प्रोजेस्टेरॉनची गोळी. "जेलनं गरमी जाईल, पण गर्भाशयाचं अस्तर जाड व्हायला लागेल. त्याला गोळी आवर घालते. दोन्हींचा तोल सांभाळायचा. एक घेऊन दुसरं सोडायचं नाही हं," त्यांनी बजावलं. एलिहियाने मान डोलावली.

पण गोळीने सकाळी डोकं जड व्हायचं, आणि चिपावालीला तर कोंबड्याच्या आधी उठायचं असतं.

दुपारी भट्टी निवली की ती आणि थोरली बहीण निमिया आंब्याखाली तेरेरे पीत बसायच्या. बर्फाच्या पाण्यात कुटलेला पाला, एकच पेला, एकच नळी. पेला परत देताना 'आभार' म्हटलं, की समजायचं, हिला आता नको, ही उठली. या दोघींत थर्मास रिकामा होईपर्यंत तो शब्द कधी निघाला नव्हता. आणि या बैठकीत एकीचा इलाज तो सगळ्यांचा इलाज.

"मी तर नुसती जेल लावते," निमिया म्हणाली. "बघ, आहे की नाही ठणठणीत? कसली गोळी नि कसलं काय!"

"पण ताई, बाई म्हणाल्या, अस्तर..."

"अगं, एका आईच्या पोटच्या ना आपण? मला चालतं ते तुला का चालू नये? दे फेकून."

थोरलीचा शब्द! गोळ्या उकिरड्यावर गेल्या. डोकं हलकं झालं, गरमीही पळाली, वर्ष-दीड वर्ष मजेत गेलं. मग एक दिवस गेलेली पाळी परत आली. "तरणी झालीस की गं!" निमिया हसली. एलिहियाही हसली. हसण्यातच आणखी काही महिने गेले.

तपासणीत अस्तराचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई भडकल्याच. "गोळी का सोडलीत?"

"ही माझी ताईसुद्धा नुसती जेलच लावते. तिला कुठे काय झालंय?"

बाई निमियाकडे वळल्या. "तुमचं गर्भाशय काढलंय का?"

निमिया फरशीकडे बघत "हो" म्हणाली.

फार वर्षांपूर्वी धुण्याभांड्याच्या कामाला म्हणून ब्वेनोस आयरेसला गेली होती, तेव्हा. नवरा 'पोकळ बाई' म्हणेल, सासू टोमणे मारेल, म्हणून सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! अगं बये, मूठ झाकलीस तर मग तोंडही झाकायचं होतंस. जिला गर्भाशयच नाही तिला ती गोळी लागत नाही, एवढी साधी गोष्ट, आणि ती हिच्या एकटीच्याच पोटात राहिली.

ऑपरेशन झालं. रोग पुढे सरकला होता, बाईंनी काही खात्री दिली नाही.

घरी आल्यावर निमियाने आंब्याखाली खुर्च्या मांडल्या. रडत रडत तिने पहिला पेला भरला. "मला काय ठाऊक गं, असं होईल म्हणून..."

एलिहिया शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तिला बहिणीचा राग आला होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. पेला तिने निमियाच्या हातात ठेवला.

"आभार, ताई," ती म्हणाली आणि भिंतीला धरून घरात गेली. थर्मास अजून जवळजवळ भरलेलाच होता.