बिनपंख्याचा एसएमपीएस

आई गेली त्या दुपारी मी पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरवर एका गिऱ्हाइकाची छापायची लग्नपत्रिका मांडत बसले होते. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. तासाभराने उठले, तर आई खाटेवरून खाली पडलेली, हात माठाकडे. दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं, की त्या मेल्या पंख्याच्या आवाजात तिची हाक मला ऐकूच आली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तेव्हापासून पंखा सुरू झाला की त्या घरघरीतून तिचं ‘अगं’ ऐकू यायचं. मशीन बंद करून कान द्यावा, तर आमच्या बोरी गावातली सुनसान भर दुपार आणि आत रिकामी खाट. ती हलवायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी नारायणगाव गाठलं. तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. आमच्या भागातली निम्मी मशीनं त्यांच्या हाताखालून गेलीत. कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला वीजपुरवठ्याचा डबा असतो, त्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. माझ्याकडची घरघर त्याच्याच पंख्याची होती. तो बिनआवाजाचा पाहिजे, म्हटलं.

"बिनपंख्याचा येतो की," चाचा म्हणाले. "पन ताई, पंखा न्हाई म्हंजी आवाज न्हाई, असं नसतंय. घरी लावून ऐकल्याबिगर घेऊ नका."

आणि दोन दिवसांनी तीन डबे पिशवीत घालून स्वतःच आले.

पहिल्याचा पंखा म्हणे तापल्यावरच फिरतो. आमच्या पत्र्याखाली तो पाचव्या मिनिटालाच फिरायला लागला. दुसरा खरोखर बिनपंख्याचा, पण स्क्रीनवर पत्रिका वरखाली सरकवली की आतून बारीक चिरका सूर काढायचा. चाचांना तो ऐकूच येईना.

"लई तिखट कान हायेत तुमचे, ताई," ते हसले. मी उगाच चपापले आणि तो डबा काढायला लावला.

तिसरा चांगला जड होता, उष्णता बाहेर जायला अंगभर धातूच्या पट्ट्या. तासभर आम्ही त्याला आळीपाळीने हात लावत बसलो, तापकऱ्याच्या कपाळाला लावतात तसा. तापला, पण हात ठेववत होता. आवाज मात्र काही म्हणता काही नाही. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, एवढंच चाचांनी बजावलं.

"आता आईच्या खाटेवर बसून मला हाक मारा," मी म्हटलं. "हळू. नुसतं ‘अगं’ म्हणा."

चाचांनी हातातला पेचकस खाली ठेवला. आत गेले. "अगं" आलं, अगदी स्वच्छ. परक्या पुरुषाचा आवाज, तरी अंगावर काटा आला. मग इतकं हलकं वाटलं की रडूच कोसळलं. हा डबा आधी असता तर आई वाचली असती, दोष पंख्याचा, माझा नाही, एवढंच मला ठरवून घ्यायचं होतं. ते झालं होतं.

पण चाचा कामाला पक्के. "आता जुना लावून बी ऐका. त्याच्याशी ताडून बघितल्याबिगर नवा चांगला कसा म्हनायचा?"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी जुना डबा जोडलासुद्धा. घरघर सुरू झाली. काहीतरी करायचं म्हणून मी समोरच्या पत्रिकेत मुहूर्ताची ओळ सारखी करायला घेतली. चाचा आत गेले.

"अगं."

तितकंच स्वच्छ. आणि स्क्रीनवरची नजर न हलवता माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आले गं, दोन मिनिटं."

चाचा दारात येऊन उभे राहिले. "आलं ना ऐकू?"

आलं होतं. त्या दुपारीही आलं होतं. तेव्हाही मी हेच म्हणाले होते, आणि तासभर उठले नव्हते.