काकांची थ्री नॉट थ्री

आमच्या मोठ्या काकांजवळ परवान्याची रायफल होती. धानात रानडुकरं शिरतात म्हणून घेतलेली. पण माझ्या माहितीत तिनं एकही डुक्कर मारलं नाही. तिचं खरं काम एकच. जावई घरी आला की ती ओसरीत यायची. काका बोल्ट मागेपुढे करत आणि सांगत, "थ्री नॉट थ्री आहे जावईबापू. लढाईतली."

ती थ्री नॉट थ्री नव्हती. नळीवर .३०३ नाही, .३१५ असं स्पष्ट ठोकलेलं होतं. फौजेची गोळी लोकांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी फौजी बोअर, म्हणजे त्या मापाची नळी, साध्या माणसाला बंद केला. रायफल मात्र त्यांना विकायचीच होती. मग त्याच रायफलीची नळी जराशी रुंद केली, पुढचं लाकूड कापलं, दहा गोळ्यांचं मॅगझिन पाचावर आणलं आणि तिला शिकारी म्हटलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या कारखान्यांनी तेच चालू ठेवलं. पुढे कायद्यानं शिकार बंद झाली, तरी शिकारी रायफल खपतच राहिली. अशा छाटलेल्या वस्तूचा माणसाला एवढा ताठा कशाचा, हे मला कधी कळलं नाही.

एकदा मी काकांना नळीवरचा आकडा दाखवला. म्हणाले, "तुले का समजते गा? तू आपले धानाचे पोते मोज."

लोकसभेच्या निवडणुकीआधी हत्यारं ठाण्यात जमा करायची होती. मी काकांसोबत गेलो. रांगेत आजूबाजूच्या गावचे मोठे शेतकरी, त्यात आमचे एक व्याही. ठाणेदार नवीन. काकांनी रायफल टेबलावर ठेवली आणि दारातल्या शिपायाच्या खांद्यावरच्या रायफलीकडे बोट केलं. "तुमची अन् आमची एकच आहे साहेब. थ्री नॉट थ्री."

ठाणेदारांनी पेन खाली ठेवला. "तो सरकारी बोअर आहे. घरात ठेवला तर गुन्हा. रायफल जप्त, परवाना रद्द, वर केस. आता नीट सांगा, काय लिहू?"

परवाना त्यांच्यासमोरच उघडा होता. त्यांना फक्त काकांच्या तोंडून ऐकायचं होतं. एक खरा आकडा बोलला की सुटका होती, आणि काका व्याह्यांकडे बघत विचार करत होते.

"काका, सांगून टाका ना," मी म्हटलं.

"तू चूप राय." मग खाली बघत म्हणाले, "तीनशे पंधरा."

"मोठ्यानं."

"तीनशे पंधरा आहे साहेब. साधी आहे."

मागून व्याही म्हणाले, "मंग आमच्या पोराले कोनती दाखवली होती गा?" शिपाईसुद्धा हसले.

निकालानंतर रायफल घरी आली. त्याच वर्षी धाकटा जावई पहिल्यांदा जेवायला आला. काकांनी ओसरीत बोल्ट ओढला.

"तीनशे पंधरा आहे, जावईबापू. हिलेच पाहून फौजेनं आपली बनवली."

जावई शाळेत इतिहास शिकवत होता. त्यानं मान डोलावली.