निंबाआप्पांची बाळंतीण

निंबाआप्पा पांडेसऱ्याच्या कापडाच्या रंगाई मिलमधून घरी आले, की चप्पल न काढताच काचेच्या टाकीपुढे उकिडवे बसत आणि विचारत, "काय मंडळी, जेवलात का?" मागे हिराकाकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असत. हा प्रश्न नवऱ्याने आपल्याला कधी विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

भेस्तानच्या आमच्या इमारतीत त्यांचं आणि माझं दार समोरासमोर. त्यामुळे आप्पांचे आफ्रिकन सिक्लिड मासे मलाही भाऊबंदांइतकेच पाठ झाले होते. कुणी पिवळाजर्द, कुणी निळा, कुणी पट्ट्यापट्ट्यांचा, पण सगळे एकजात भांडखोर. आमच्या बोरचं पाणी इतकं जड, की त्यात डाळ शिजता शिजत नसे. माशांना मात्र तेच मानवलं. "आफ्रिकेच्या तळ्यातलं पाणी असंच असतं," आप्पा अभिमानाने सांगत. काकूंनी डाळीची तक्रार केली, की म्हणत, "मासे सातासमुद्रापलीकडचे असून जुळवून घेतात. डाळ तर इथलीच आहे!"

त्यांची खरी भक्ती मादीवर. या जातीत मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. तोवर अन्नाला शिवत नाही. अशी मादी दिसली, की आप्पा मिलमध्ये रजा टाकत. कारण सांगत, "घरात बाळंतीण आहे." मग टाकीवर चादर यायची, टीव्ही मुका व्हायचा आणि दार आपटणाऱ्याचा उद्धार व्हायचा. मादी दचकली तर अंडी थुंकून टाकते, ही त्यांची धास्ती.

गेल्या उन्हाळ्यात खरोखरची बाळंतीण घरात येऊ घातली होती. सून पूनमचे दिवस भरत आले होते आणि तिला अन्न जात नव्हतं. आप्पांनी तिला टाकीपुढे बसवलं. "ही माय बघ! तोंडात लेकरं, पोटात कण नाही, पण कुरकुर आहे का?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आन बाप काय करस?"

आप्पांनी टाकीकडे पाहिलं. बाप त्या वेळी दुसऱ्या मादीपुढे रंग दाखवत फिरत होता.

त्याच सुमारास एके दिवशी भर दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, फार वेळ टिकणारी नव्हे. टाकीची हवा चालू राहावी म्हणून आप्पांनी पंखा बंद केला. थोड्या वेळाने काकूंची हाक ऐकून मी धावलो. पूनम भिंतीला टेकून घामाघूम पडली होती. काकूंनी टाकीचा पंप उपटला आणि त्या जागी टेबलफॅन लावला.

"अहो, मासे मरतील!"

"मरू द्या! मन्ही सून चक्कर यीसन पडनी!"

आप्पांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा टाकीकडे. मग तांब्या घेतला आणि टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतू लागले, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. शर्ट भिजला, हात भरून आले, तरी थांबले नाहीत. लिंबूपाणी पिऊन पूनम सावरली. तिने पंख्याला हात घातला.

"आप्पा, पंखा तुमच्याकडे फिरवू?"

"नको पोरी. तू वारा घे."

तोवर मुलाच्या नावावरून ती त्यांच्यासाठी नुसती 'संजूची बायको' होती.

मासे वाचले. पण त्या खळबळीत मादीने अंडी थुंकली आणि बापाने ती खाऊन टाकली. काकूंच्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर कुठून मिळणार! आप्पा टाकीपुढे बसून राहिले. काकू टोचून बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चहाचा कप आणून त्यांच्या शेजारी ठेवला आणि स्वतःही तिथेच बसल्या.

यथावकाश पूनमला मुलगी झाली. दवाखान्यात नंदुरबारहून तिची आई आली होती, आम्ही शेजारीही होतो. आप्पांनी नातीला ओंजळीत घेतलं, नेहमीसारखं डोळे बारीक करून निरखलं. 

"रंग येईल हळूहळू," ते गहिवरून म्हणाले. "पिल्लं सुरुवातीला करडीच असतात."

विहीणबाईंचा चेहरा पडला. संजूने कपाळावर हात मारला. पूनम मात्र टाके सांभाळत खुदखुदत होती.

"माय, रागावू नको," ती म्हणाली. "आप्पा कौतुक करी ऱ्हायनात!"