करकोचे उतरले त्या संध्याकाळी

लग्न होऊन अणदूरहून तामलवाडीकडच्या एका खेड्यात आले, त्याला पाच महिने झाले होते. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. पाणी आण, पीठ चाळ, संपलं. मीही त्यांना दबून असायची.

दिवाळी नुकतीच सरली होती. दुपारी मेंढरांमागचा एक धनगर दारावरून जाता जाता खबर देऊन गेला, "तळ्यावर करकोचे उतरलेत." सासूबाई ज्वारी निवडत होत्या. ऊन कलताच त्यांनी सूप तसंच बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "चल गं, सरपण आणू." सरपणाची वाट माळाकडं जायची, आणि त्या निघाल्या तळ्याकडं. तेही इतक्या झपाझप, की मला पळावं लागलं.

बांधापलीकडं त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि लव्हाळ्यात शिरल्या. "वाकून ये. बांगड्या वाजवू नगं." मी बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि चिखल तुडवत मागोमाग गेले.

पाण्यात दहा-बाराच पक्षी होते. उंच, राखी रंगाचे, गळ्याखाली काळी पिसं लोंबलेली, डोळ्यांमागं पांढरे झुबके.

"एवढेच?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नुसतं बोट वर केलं. उत्तरेकडं आभाळात एक रेघ हलत होती. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. बघता बघता डोक्यावर नुसता कुर्र कुर्र आवाज. थवेच्या थवे गिरक्या घेत खाली येत होते, पाय सोडून अलगद पाण्यात टेकत होते. एक जोडी तर आमच्यापासून वीस हातांवर नाचायला लागली. एक पंख पसरून उडी घ्यायचा, की दुसरा मान लववायचा.

मला राहवेना. "आत्याबाई, ते बघा!" मी मोठ्यांदा ओरडलेच.

अख्खं तळं एकदम उठलं. पंखांचा वारा तोंडावर आला. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"खाली काय बघतीस? वर बघ, वर. दरसाल येते म्या इथं एकटी. पर त्यांना उठवायचा धीर कधी झाला न्हाय."

आभाळ भरून पक्षी फिरत होते, आणि मावळतीचं ऊन त्यांच्या पोटाखालून जात होतं. सासूबाईंचा पदर खांद्यावर आला होता, त्याची त्यांना शुद्धच नव्हती. दोन फेऱ्या मारून थवे पलीकडच्या काठाला उतरले, तेव्हा कुठं त्यांनी माझा हात सोडला.

परतताना बांधावरच्या चार काटक्या गोळा केल्या. वाटेनं त्या बोलतच होत्या. हे पक्षी हिमालयाच्या पल्याडून येतात, असं त्यांच्या आजोबांना एका फकिरानं सांगितलं होतं. लहानपणी त्या आजोबांच्या खांद्यावर बसून करकोचे बघायला जायच्या. असं कितीतरी. मी हुंकार देत होते, आणि मधेच आवाज आला की दोघी थांबून मागं वळून बघत होतो.