दूध विसरलेलं विरजण

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. सिंगापूरच्या प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे पोटाला चांगल्या असणाऱ्या जिवाणूंचे वाण सुधारणं. जठरातल्या आम्लात, पित्तात तग धरतील असे.

त्यातला एक वाण आईच्या दह्यातला. इकडे येताना तिनं सुती चिंधीवर दही वाळवून दिलं होतं. फोनवर मी तिला सांगितलं, "आई, तुझ्या दह्यातले जंतू माझ्याकडे शिकतायत."

"दह्याला कसली गं शाळा? चांगलं लागतंय की."

"आणखी चांगलं करतेय."

"कर बाई. तू शिकलेली."

दर खेपेला आम्ल थोडं वाढवायचं, जे वाचतील ते पुढच्या नळीत. शेवटी एका जनुकातही बदल केला. वाण तगडा झाला. टॅम्पिनीसमधल्या माझ्या राहत्या फ्लॅटवर मात्र मी लिटिल इंडियातून दह्याचा डबा आणायचे. विरजत कोण बसणार?

यंदा आई गेली. तेराव्याला मी भावाला विचारलं, "तिचं विरजण कुठंय?"

"ताई, सुतकात दूध कुणी विरजलं? जेवणाचे डबे शेजारून येत होते. वाळलं ते. हिनं भांडं घासून टाकलं."

"असू दे. माझ्याकडे आहे," मी म्हणाले. तेही ऐटीत.

परतल्यावर पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत दुधात तो वाण घातला, उबेला ठेवला. सकाळी दूध, दूधच. पुन्हा घातला. पुन्हा तेच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या आमच्या बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "इतक्या पिढ्या ग्लुकोजवर वाढवलास ना? दूध पचवायचं जनुक लागलंच नाही, म्हणून टाकून दिलं त्यानं. मूळ वाण काढ की फ्रीझरमधून."

पहिल्या दिवशी मूळ वाणाची कुपी गोठवायची, हे नवीन पोरींना मीच शिकवते. पण हा वाण घरचा. घरी कालच्या दह्यानं आजचं लावायचं, पहिलं दही कोण जपून ठेवतं? मीही नव्हतं ठेवलं. चिंधी तर केव्हाच कचऱ्यात गेली होती.

तरी फ्रीझरचे सगळे डबे उपसले. बोटं बधिर होईपर्यंत.

रविवारी भावाचा फोन आला. "ताई, थोडं विरजण पाठवशील? पोरं आजीचं दही मागतायत."

"नाही रे," मी म्हणाले. "माझ्याकडनंही गेलं."