साळूचा सहावा भाग आणि आमची चिमी

...आणि फोनवरचा तो माणूस म्हणतो कसा, “बाळा, घरात मोठं कोणी आहे का? आईला बोलव बरं.” काल इथंच थांबलो होतो ना आपण? हिचा स्वतःचा मुलगा तेव्हा कॉलेजात जात होता. ही म्हणाली, “मीच मोठी आहे.” तो म्हणाला, “शहाणी गं माझी ती! पण फोन आईकडे दे हं.” हिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि त्याच आवाजात सांगून टाकलं, “आई घरी नाही.” तो बिचारा म्हणाला, “बरं, दार लावून घे.”

तर ही आमची चिमी, माझी धाकटी बहीण. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, नवरा जाऊन काही वर्षं झाली, पण आवाज जो पहिलीच्या वर्गात होता तो तिथंच बसून राहिला. गावच्या शाळेत आम्ही तिला चिडवायचो. मास्तर फळ्याकडे तोंड करून विचारायचे, “कोण बोललं ते?” आणि अख्खा वर्ग म्हणायचा, “उंदीर, गुरुजी!” पुढं याच आवाजावर तिचं सगळं आयुष्य उभं राहणार आहे, हे उंदराला तरी कुठं माहीत होतं!

पहिली नोकरी लागली बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. एका दुपारी माईकवरचा माणूस आला नाही म्हणून साहेबांनी हिला बसवलं. हिनं गाडी पुकारली. बाकांवरचे लोक हसले. कुणाचं तरी पोर माईकशी खेळतंय असं समजून एकही जण जागचा हलला नाही. ड्रायव्हरनं रिकामी गाडी नेली. मग खिडकीवर काय गर्दी उसळली म्हणता! त्या गर्दीत एक गृहस्थ सगळ्यात जास्त ओरडत होते. हिनं त्यांना नम्रपणे सांगितलं, “गाडी गेली.” त्यांनी ओरडणं थांबवून कान पुढं केला. म्हणाले, “पुन्हा म्हणा.” ही म्हणाली, “गेली.” ते म्हणाले, “आता रडत रडत म्हणा.” हिला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं याचं. पण गृहस्थांचा स्टुडिओ होता. परदेशातले सिनेमे आणून त्यांना आपल्या भाषेत बोलायला लावायचं, हा त्यांचा धंदा. लहान पोरांचे आवाज काढायला खरी लहान पोरं आणली की ती दमतात, भुकेजतात, रुसतात. त्यांना हवी होती न रुसणारी.

तेव्हापासून चिमीनं किती कोकरं, किती बदकं, किती रांगती बाळं बोलून काढली, त्याला सुमार नाही. पण तिचं नाव झालं ते साळूमुळं.

साळू म्हणजे साळिंदराचं पिल्लू, कार्टूनमधलं. तुमच्या नातवंडांना विचारा, डब्यावर, दप्तरावर, चपलेवर, सगळीकडे तेच असतं. पहिल्या भागात पूर येतो, साळू आईपासून तुटतो आणि वाटेतल्या सगळ्यांना काटे टोचत टोचत शेवटी घरी पोचतो. छान सिनेमा, मीही डोळे पुसले. घरी आलो, जेवलो, झोपलो. संपलं!

कसलं संपतंय! दुसऱ्या भागात बाप हरवतो. तिसऱ्यात साळू जहाजात बसतो, का ते चौथ्यात? नाही, चौथ्यात त्याच्यासारखाच दिसणारा चुलतभाऊ निघतो आणि घरचे त्यालाच साळू समजतात. मग जहाज कुठल्यात? मी हे नातीला विचारलं की ती कपाळाला हात लावते. “आजोबा, जहाज दोन्हीत आहे. एकात बुडतं.”

माझं म्हणणं साधं होतं आणि ते मी येईल त्याला ऐकवत होतो. पिल्लू घरी पोचलं ना? मग त्याला राहू द्या की सुखानं. कशाला दर दोन-तीन वर्षांनी त्याला घराबाहेर काढता? आमच्या मास्तरांनी गोष्ट सांगितली की ती संपायची, घंटा व्हायची, आम्ही पळायचो. राक्षस मेला तर मेला. पुढच्या आठवड्यात त्याचा मेहुणा येत नसे.

यावर आमच्या घरातून टोमणा आला. बायको म्हणाली, “आणि तुमची शेळी?”

शेळीचं असं आहे, की लहानपणी शाळेच्या कौलांवर एक शेळी चढली होती. खरीच चढली होती. ती गोष्ट मी नातीला सांगितली. नात म्हणाली, “मग पुढं?” म्हटलं, उतरली. “मग पुढं?” आता काय सांगणार? म्हटलं, दुसऱ्या दिवशी परत चढली. आजमितीला ती शेळी शाळेवरून देवळावर, देवळावरून पाण्याच्या टाकीवर गेलेली आहे आणि गेले कित्येक दिवस ती विजेच्या खांबावर आहे. तिला खाली कसं आणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण ते वेगळं. ते घरगुती आहे. त्याचं तिकीट नाही.

तर पाचव्या भागाच्या वेळी घोटाळा झाला.

चिमीच्या कामाची रीत मी तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर हा घोटाळा कळायचा नाही. भिंतींना गाद्या लावलेली एक छोटी खोली. चिमी एकटी. कानाला हेडफोन, समोर माईक, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. अंगावर जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला कपडा, कारण नव्या कपड्याची सळसळ माईक टिपतो. हातात सफरचंद. बोलण्याआधी एक घास खाल्ला की तोंडातली चिकट टकटक जाते म्हणे. साळूच्या आईचा आवाज काढणारी बाई वेगळ्याच दिवशी येऊन आपलं बोलून गेलेली असते. इतक्या वर्षांत चिमीनं त्या बाईचं तोंड पाहिलेलं नाही. आणि गोष्ट फुटू नये म्हणून कंपनी हल्ली चित्रसुद्धा धड दाखवत नाही. सगळा पडदा काळा, मधोमध एक गोल भोक आणि त्यात फक्त साळूचं तोंड. ते उघडलं की बोलायचं, मिटलं की थांबायचं. आजूबाजूला पूर आहे का लग्न, काही दिसत नाही. त्यात तुकडे मागचे पुढं, पुढचे मागं.

पाचव्या भागाच्या शेवटच्या दिवशी, अगदी शेवटचा तुकडा म्हणून, त्या भोकातलं तोंड हळूहळू बोललं आणि चिमीही बोलली, “आई, आता मला शोधू नकोस. मी मोठा झालो. मी इथंच राहणार.” रेकॉर्डिस्टनं दिवा घालवला आणि म्हणाला, “झालं, चिमीताई. संपलं.”

तो बिचारा दिवसाच्या कामाबद्दल बोलत होता. चिमीला वाटलं, साळू संपला.

ती तशीच माझ्याकडे आली. चपला काढायच्या आधी म्हणाली, “दादा, साळू मोठा झाला.” डोळे भरलेले, पण चेहरा हलका, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आल्यासारखा. तिचा मुलगा दूरच्या शहरात असतो. कधीपासून मागं लागला होता, आई, एकटी काय राहतेस, इकडे ये. ही दर वेळी म्हणायची, साळूचं होऊ दे, मग येते. आता साळूचं झालं होतं. तिनं माझ्याच घरातून त्याला फोन लावला. त्यानं तिकडे एक खोली रिकामी केली, भिंतीला तिच्या आवडीचा फिका हिरवा रंग दिला. इकडे चिमीनं भांडी वाटली, कुंड्या वाटल्या. तिचं लोखंडी कपाट आमच्या घरातल्या बोळात आलं. त्याच्या कोपऱ्यावर मी रोज खांदा आपटतो.

मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, शेवटी त्या लोकांना अक्कल आली, थांबले एकदाचे! दिवसा असं सांगायचो आणि बोळात खांदा आपटला की मनात यायचं, म्हणजे चिमी जाणार. रविवारी चहाला कोण येणार? माझ्या गोष्टींत मधेच “दादा, खोटं!” असं पहिलीतल्या आवाजात कोण म्हणणार?

चिमी निघायच्या आधीच सिनेमा लागला. आम्ही सगळे गेलो. चिमी नेहमीप्रमाणे आत आली नाही. स्वतःचा आवाज त्या काटेवाल्याच्या तोंडून तिला ऐकवत नाही, म्हणून ती दर वेळी बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसते, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी.

मध्यंतराच्या आधीच साळूनं ते वाक्य म्हटलं. सगळं थिएटर मुसमुसायला लागलं. मीही रुमाल काढला. तेवढ्यात मनात आलं, हे आत्ताच कसं? अजून अर्धा सिनेमा बाकी आहे! मध्यंतरानंतर कळलं, की झुडपामागं कोल्हा ऐकत होता आणि त्याला फसवायला साळूनं ते नाटक केलं होतं. आई परत भेटली. सगळे नाचले. आणि अगदी शेवटी, नावं वर सरकत असताना, लांब समुद्रात एक दिवा लुकलुकला. नात खुर्चीवर उभी राहून ओरडली, “सहावा!”

बाहेर आलो. चिमी उठली, रुमाल तयार ठेवूनच. “फार रडले का रे लोक?”

म्हटलं, “रडले. पण चिमे, साळू कुठं गेला नाही. तो खोटं बोलत होता.”

“कुणाशी?”

“कोल्ह्याशी.”

“कोल्हा होता तिथं?” ती पुन्हा बाकावर बसली. “मला कुणी सांगितलं नाही कोल्हा आहे म्हणून.”

पुढं जे व्हायचं तेच झालं. स्टुडिओतून फोन आला. या खेपेला तिकडे दोन भाग एकदमच काढले होते म्हणे. सहावा भाग, साळू तोच, आवाज तोच हवा, दुसरा चालणार नाही. कामाचा पहिला दिवस म्हणून त्यांनी जो सांगितला, त्याच दिवसाचं चिमीचं गाडीचं तिकीट काढलेलं होतं. ती “कळवते” म्हणाली. मुलाला सांगितलं तर तो दुखावला. “आई, इथं रंग वाळलाय आणि तू एका कार्टूनसाठी थांबणार?” त्याचंही बरोबर. बिचाऱ्यानं हौसेनं खोली सजवली होती.

आणि माझी पंचाईत बघा. इतकी वर्षं मी छातीठोकपणे म्हणत आलो, एक भाग पुरे. आता तेच म्हणायचं तर माझीच बहीण गाडीत बसते. सहावा भाग हवा म्हणायचं तर आजवरचं सगळं बोलणं पाण्यात, आणि भाच्याशी वाकडं. बायको म्हणाली, “हं, बोला आता! पिल्लाला सुखानं घरी राहू द्यायचं होतं ना?” मी नातीकडे वळलो. म्हटलं, “तू सांग, एवढे भाग कशाला लागतात गं? दर वेळी तेच तर होतं. हरवतो, सापडतो.” ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, “सापडतो ते माहीत असतं हो. पण बघायला नको का?” बरोबर वाटलं. मग वाटलं, चूकही आहे. सापडतो हे माहीत असेल तर बघायचं काय? पण मग शेळीचं काय?

त्या दिवशी सकाळी चिमीला न्यायला मी स्कूटर घेऊन गेलो. स्टेशनवर न्यायचं की स्टुडिओत, मला पत्ता नव्हता. आदल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं होतं, “दादा, सकाळी ये.” वाटेत दोन्ही तऱ्हेची भाषणं तयार केली. “चिमे, मुलाकडे जावं माणसानं.” “चिमे, कामाला नाही म्हणू नये.” दोन्ही इतकी छान जमली, की दोन्ही पटली.

दार उघडंच होतं. खोलीत ना कपाट, ना कुंड्या, बोललं की घुमत होतं. दारात बॅग, कुलूप लावलेली. म्हणजे गाडी. मग नीट पाहिलं तर अंगात तो जुना, मऊ कपडा आणि हातात सफरचंद. म्हणजे स्टुडिओ? पण मग बॅग? तयार केलेली दोन्ही भाषणं बाजूला ठेवली. शेवटी जे इतकी वर्षं सगळ्यांना विचारलं आणि जिला विचारायला हवं होतं तिलाच कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. “चिमे, तू खरं सांग. एवढे भाग लागतात का गं?”

तिनं सफरचंद ओढणीला पुसलं आणि साळूच्याच आवाजात, म्हणजे तिच्या स्वतःच्याच, म्हणाली:

“मला काय ठाऊक, दादा? मी एकही धड पाहिलेला नाही. लेकाला काल म्हटलं, त्या पोराला घरी सोडते आणि येते. तो म्हणाला, आई, दर वेळी हेच म्हणतेस. आता मी साळूला घरी पोचवलं की हे लोक परत बाहेर काढतात, त्याला मी काय करू? लेक रुसलाय, पण तिकीट पुढं ढकललंय त्यानंच. बॅग राहू दे तिथं दारात, उघडायची नाही. कपाट राहू दे तुमच्याकडे, खांदा जपत जा. आणि ती शेळी खांबावरून उतरव बाबा, काल फोनवर तुझी नात सांगत होती, शेळी उतरेपर्यंत झोपणार नाही म्हणून. चल, आधी स्टुडिओकडे घे.”